डिंगोऱ्याच्या स्वयंपाकघरातला वास

१

उजाडता उजाडता स्फोट झाला, तेव्हा डिंगोऱ्यातल्या लोकांना वाटलं, हायवेवर टँकर उलटला. मग हौशीराम थोरातांच्या पर्यटन केंद्राकडून धूर दिसला आणि माणसं तिकडं पळत सुटली.

स्वयंपाकघराचे पत्रे उडून आंब्यांच्या झाडांत अडकले होते. हौशीरामचा मुलगा अमृत ओल्या गोधडीत बायकोला गुंडाळून बाहेर आणत होता. आरती शुद्धीवर होती. "च्या ठिवत व्हते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला जीपमध्ये घालून पुण्याला नेताना मंचरच्या अलीकडे तिनं जीव सोडला. मागं सहा वर्षांची समृद्धी राहिली.

२००७ सालचा मे महिना होता तो. सासरी, चुलीपाशी, सून भाजून मेली म्हटल्यावर पोलीस येणारच. फौजदार सयाजी हांडे आले. जाडजूड, सावकाश चालणारा माणूस. बोलण्यापेक्षा समोरच्याला बोलू देण्यात त्यांना रस असे. जळालेल्या ओट्यापाशी ते उकिडवे बसून राहिले. गॅसची रबरी नळी जळून कोळसा झाली होती. तिच्यावरून काही कळणार नव्हतं.

आरतीचे वडील गेणू मढ गावाहून आले होते. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. सयाजींचा हात धरून ते म्हणाले, "सायेब, माजी पोर लग्नाच्या आधीपासनं गॅस वापरती. खोली गॅसनं भरली आन तिला वास आला न्हाई? असं कसं व्हईल, तुमीच सांगा."

सयाजींनी मान वर करून अमृतकडे पाहिलं.

"वास येत व्हता," अमृत म्हणाला. "दोन-तीन दिवस येत व्हता. पण आमाला वाटलं, त्या फळाचा हाय."

२

ते फळ जुन्नरच्या पेठेतले व्यापारी रूपचंद कटारिया यांच्या मुलानं, अरिहंतनं, आणून दिलं होतं. ड्युरियन त्याचं नाव. फणसासारखं दिसणारं, पण काटे असे की हातात धरवत नाही. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलची माणसं रविवारी केंद्रावर येणार होती. त्यांना या फळाचे पदार्थ खाऊ घालायचे, असा बेत होता. पदार्थ करणार होता हौशीरामचा पुतण्या सूरज. तो थायलंडच्या हॉटेलात चार वर्षं स्वयंपाकी होता.

"फळ घाण वास मारतंय, हे सगळ्यांना ठाऊक," अमृत सांगत होता. "आत्याच्याकडनं बटन उघडं ऱ्हायलं आसंल. साळूआत्याच बघायची स्वयंपाकघर. गॅसचा वास फळाच्या वासात मिसळला, आन..."

साळुबाई ही हौशीरामची धाकटी बहीण. आणे गावात दिलेली, मूलबाळ नसलेली, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. स्फोटानंतर अमृतनं तिला घरात राहू दिलं नव्हतं. ती आण्याला दिराकडे गेली होती.

हौशीराम बाजेवर बसून होते. टोपी मांडीवर होती. म्हणाले, "साळूला बोल लावून काय उपेग, सायेब? वय झालं तिचं. इसरती. माजी पोरीसारकी सून गेली, पन बहिनीला फासावर द्या म्हनू का मी?"

सयाजींनी मान हलवली आणि पुन्हा ढिगाऱ्यात शिरले. ते आणि शिपाई जानकू यांनी राख चाळली. भांडी मिळाली, वितळलेला मिक्सर मिळाला. नारळ मिळाले, करवंट्यांसकट.

"जानकू," सयाजी म्हणाले, "नारळ राहिले. मग तीन-चार किलोचं काटेरी फळ कुठं गेलं?"

३

"फळ? कसलं फळ?" जुन्नरच्या दुकानात अरिहंत म्हणाला.

त्याचे वडील रूपचंद गल्ल्यावरून उठले. "खोटं बोलू नकोस. एक बाई जिवानं गेली आहे. साहेबांना सगळं सांग."

अरिहंत खाली बसला. द्राक्षवाल्यांच्या टोळीबरोबर तो बँकॉकला गेला होता. तिथं फळ आवडलं आणि ओळखीतून एक मागवून घेतलं. बाहेरदेशचं फळ आणायला कागदपत्रं लागतात, ती त्यानं केली नव्हती. म्हणून तो घाबरला होता.

"साधं फळ नाही साहेब. उंची जात आहे ती. मोठ्या पाकळ्या, लहान आठळी. मला एकच फळ जवळजवळ दोन पेट्या हापूसच्या किमतीला पडलं. तेही ओळखीत."

"एवढं काय आहे त्यात?"

"चव. एकदा खाल्लं की माणूस वासाचं विसरतो."

"तुम्ही आणलंत तेव्हा वास किती होता?"

अरिहंत विचारात पडला. "मी पप्पांच्या गाडीतून नेलं, काचा लावून. वास असता तर पप्पांनी मला फळासकट उतरवलं असतं."

रूपचंदशेठ म्हणाले, "वास नव्हता. मी स्वतः हुंगून पाहिलं. ओल्या लाकडासारखं लागलं."

सूरजचं नाव निघताच अरिहंत घुटमळला. मग म्हणाला, "सूरजचं आणि आरतीवहिनींचं पटत नव्हतं. स्वयंपाकघर आपल्या हातात यावं असं त्याला वाटायचं. मी फळ दिलं त्या दिवशीही दोघं भांडत होते. वहिनी म्हणाल्या, मी जिवंत असेपर्यंत हे स्वयंपाकघर तुला मिळायचं नाही."

४

सूरज केंद्राच्या मागच्या खोलीत सापडला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. सयाजींनी आधी भांडणाचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "रविवारी काय काय करणार होतास?"

सूरजला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. हळूहळू तो बोलू लागला. चिकट तांदूळ वाफवायचा, त्यावर नारळाच्या दुधातला गर घालायचा. थोड्या गराचं आइस्क्रीम. आठळ्या उकडून, मीठ लावून.

"कच्चं असलं तर?"

"कच्च्याचे पातळ काप तळतात. केळ्याच्या वेफर्ससारखे. कच्च्याची भाजी बी व्हती. त्याला वास नसतो ना, कुनी बी खातं." बोलता बोलता तो थांबला.

"वास नसतो?"

"न्हाई साहेब. पिकल्याशिवाय वास सुटतच न्हाई. तिकडं लांब पाठवायचं फळ कच्चंच उतरवतात. मग देठ सुकतो, शिवणी सैल पडतात, हलवलं की गर आत हलल्यागत वाटतो. तवा वास येतो. अरिहंतनं आनलं तवा देठ हिरवा व्हता. मी काकांना सांगितलं, ह्याला अजून आठवडा तरी लागंल."

"कोणत्या काकांना?"

"हौशीकाकांना. ते इथंच उभे व्हते. मग मी कल्याणला गेलो, तांदूळ आनायला. तिथं मित्राकडं ऱ्हायलो. परत आलो तर..." त्यानं तोंड फिरवलं. "वहिनीशी भांडलो ते खरं हाय. गेलो तवा बोललो बी न्हाई तिच्याशी."

तो कल्याणला होता याची खात्री जानकूनं करून घेतली. मित्राच्या शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं.

सयाजींनी पुन्हा अमृतला गाठलं. "वास फळाचा आहे, हे तुला कोण म्हणालं?"

"सगळेच म्हनत व्हते."

"सगळे कधीच आधी म्हणत नाहीत. तुझ्या कानावर कुणाकडून आलं?"

अमृत आठवू लागला. "आरतीकडनं. ती म्हनली, आत्या म्हनत्यात फळाचा वास हाय."

"आणि आत्याला कोण म्हणालं?"

ते अमृतला ठाऊक नव्हतं. सयाजींनी जीप आण्याकडे घ्यायला सांगितली.

५

पठारावर ऊन रखरखत होतं. साळुबाई दिराच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. सयाजींनी नाव सांगताच तिनं दोन्ही हात पुढं केले.

"न्या मला. मीच मारली तिला."

"बसा आक्का. आधी त्या फळाचं सांगा."

"मेलं ते फळ! सायेब, वासानं डोकं दुखायचं माजं. मी दादाला म्हनलं, दादा, ह्यो गॅसचा वास न्हाई ना? तर त्यो म्हनला, अगं येडे, त्या फळाचा हाय. सूरजनंच मला सांगितलंय पिकाय लागलंय म्हनून, आसं दादा म्हनला. मग म्हनला, खिडक्या लावून घ्या, न्हाईतर पावन्यांच्या खोल्यांत जाईल. म्हनून सगळ्या खिडक्या लावल्या."

सयाजींनी जानकूकडे नजर टाकली. जानकू लिहायचा थांबला होता.

"पन मला काय ऱ्हावेना," साळुबाई म्हणाली. "दादाला न सांगता मी ते फळ पोत्यात घालून कांद्याच्या वखारीत नेऊन ठिवलं. म्हनलं, कांद्याच्या वासात कळायचं न्हाई."

"कधी?"

"स्फोटाच्या आदल्या सकाळी."

"आणि मग स्वयंपाकघरातला वास गेला?"

"न्हाई ओ. संध्याकाळी तर जास्तच येत व्हता. म्हनलं, भिंतीत मुरला आसंल. रातभर कपाळ दुखलं माजं. पहाटं उठाय लागले तर आरती म्हनली, आत्या, तुमी पडा आज, च्या मी ठिवते." तिनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "मी रोज गॅस दोनदा बघून झोपते. त्या रातीला बी बघितला व्हता असं वाटतंय. पन आता सगळी म्हनत्यात, तर नसंल बघितला."

"आक्का, घरात आणखी काही चाललं होतं का? भांडण, वाद?"

उत्तर शेवटी दिरानं दिलं. रस्त्याकडच्या जमिनीवर रिसॉर्ट बांधायला एक कंपनी आली होती. साळुबाईचा त्या जमिनीत हिस्सा होता. हक्कसोडीवर सही कर म्हणून हौशीराम वर्षभर मागं लागले होते. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या, ती करत नव्हती.

"बापानं त्या तुकड्यात मला राबवली हाय," साळुबाई म्हणाली. "त्यो इकला तर मी कुठं जाऊ? पन दादा कंदी जोरात बोलला न्हाई, सायेब. लई मायेचा हाय त्यो."

डिंगोऱ्याला परतल्यावर पाहिलं, तर वखारीत, कांद्यांच्या ढिगामागं, पोत्यात फळ तसंच होतं. बंद. देठाचा हिरवा रंग नुकता कुठं उतरू लागला होता. सयाजींनी नाक लावलं. कांद्याशिवाय काही नाही. बाहेर मोकळ्यावर नेऊन पुन्हा हुंगलं. ओल्या लाकडाचा वास, बस.

ते कुणाला न सांगता त्यांनी जीपमध्ये ठेवलं.

६

फळ पोलीस ठाण्यातल्या कपाटावर राहिलं. एके सकाळी जानकू नाकाला रुमाल लावून आत आला. "साहेब, उंदीर मेलाय कपाटामागं."

सयाजी उठले. शिवणीवर बारीक भेग पडली होती. फणस, तळलेला कांदा आणि आटवलेलं दूध एकाच पातेल्यात घातल्यासारखा तो वास होता. गोड, जड, घशाला चिकटणारा. सयाजींनी लगेच फळ पोत्यात बांधलं आणि डिंगोरं गाठलं.

जीप आंब्याखाली लावली आणि एकेकाला बोलावलं. दुसऱ्यांनी पडवीत थांबायचं. पोतं उघडायचं आणि एकच विचारायचं. त्या दिवसांत स्वयंपाकघरात येत होता, तो हाच वास का?

अमृत वाकला आणि झटकन मागं झाला. "न्हाई. हा गोडूस हाय. त्यो असा नव्हता. त्यो... सडक्या कोबीवानी व्हता." बोलून तो जागीच थांबला. स्वतःच्याच शब्दांचा अर्थ त्याला तेव्हा लागला: गॅसचा वास तसाच असतो.

भांडी घासणारी बाई म्हणाली, "न्हाई बया. ह्यो येगळाच हाय."

हौशीराम सगळ्यांत शेवटी आले. पोत्याच्या तोंडाशी नाक नेलं. सयाजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हाताऱ्यानं जरा वेळ घेतला.

"हाच," हौशीराम म्हणाले. "हाच की. दुसरा कुटला?"

"नक्की?"

"म्हंजे काय! दोन दिस हुंगला हाय."

सयाजींनी सगळ्यांना जवळ बोलावलं. सूरजही आला. गेणू मढहून आलेच होते, दहाव्याच्या विधीसाठी.

"दादा," सयाजी म्हणाले, "हे फळ आज सकाळी पिकलं. तोवर माझ्या कपाटावर होतं, त्याआधी तुमच्या वखारीत. स्वयंपाकघरात त्याला कधी वास सुटलाच नाही. स्फोटाच्या आदल्या दिवसापासून तर ते तिथं नव्हतंसुद्धा. साळुबाईंनी हलवलं होतं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं."

हौशीरामनी टोपी काढून हातात घेतली.

"मग घरात वास होता तो एकच. गॅसचा. बटण एका रात्रीत उघडं राहिलं असतं, तर वास त्या एका रात्रीचा असता. हा दोन-तीन दिवस होता, थोडा थोडा. नळी जरा सैल करून गळती कुणीतरी हळू सुरू करून दिली, घराला सवय होऊ दिली आणि शेवटच्या रात्री वाढवली. ज्यानं केलं, त्यालाच तो वास फळाच्या माथी मारायचा होता."

"मला वाटलं फळाचा हाय," हौशीराम म्हणाले. "माझी चूक झाली. चूक कुनाची व्हत न्हाई?"

"वाटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मला वाटतं. तुम्ही सूरजचं नाव घेतलंत. सूरजनं तुम्हाला उलट सांगितलं होतं, की आठवडा लागेल."

"व्हय काका," सूरज म्हणाला. "देठ दाखवून सांगितलं व्हतं मी."

"खिडक्या लावायला तुम्ही सांगितलंत. विसरभोळी म्हणून बहिणीचं नाव तुम्हीच पुढं केलंत, तेही असं मायेनं की कुणाला शंका येऊ नये. आणि हक्कसोडीवर सही फक्त तिचीच राहिली होती."

अमृत बापाच्या समोर आला. तो ओरडला नाही.

"दादा, आरतीनं तुमचं काय केलं व्हतं?"

हौशीरामनी मुलाकडे पाहिलं. "तिनं काय करायचं? ती कशाला गेली आत? रोज साळूच उठती. रोज पैला च्या साळूच ठिवती. आरती कशाला गेली रं?"

गेणूंनी मुंडासं काढून तोंडावर धरलं. बापाच्या तोंडून काय निघालं, ते अमृतला पुरतं कळायला क्षणभर लागला. मग तो वळला आणि आंब्याच्या खोडाला धरून उभा राहिला.

हौशीराम जीपमध्ये बसताना एकदाच थांबले. "समृद्धीला सांगू नका," ते म्हणाले.

७

साळुबाईला हे सांगायला सयाजी स्वतः आण्याला गेले. जानकूला पाठवता आलं असतं. पण ज्या बाईनं अटकेसाठी हात पुढं केले होते, तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळावं असं त्यांना वाटलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सयाजी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे मी बटन बंद केलं व्हतं."

"केलं होतं आक्का. तुमची काही चूक नाही."

तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसलं नाही. ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिली.

"माजी चूक असती तर बरं झालं असतं, सायेब," ती म्हणाली. "चुकीला रडता येतं. आता ह्याचं काय करू? लहानपनी ताप आला की त्यो मला खांद्यावर घिऊन ओतूरला न्यायचा. त्योच ह्यो."

सयाजींनी विचारलं, "कोर्टात सांगावं लागेल. तो तुम्हाला काय म्हणाला, खिडक्यांचं काय म्हणाला. भाऊ आहे. तुम्ही सांगाल का?"

"सांगंन. त्या पोरीसाटी सांगंन." मग एकदम तिनं विचारलं, "समृद्धी जेवती का?"

"मला माहीत नाही."

"अमृतला भात बी येत न्हाई लावता."

सयाजींनी बाहेर पाहिलं. "तो आलाय बरोबर. बाहेर जीपमध्ये बसलाय. आत यायची हिंमत होत नाही त्याची. तुम्हाला घराबाहेर काढलं ना त्यानं."

साळुबाई उठली. दोन लुगडी, एक तांब्या आणि औषधाची बाटली तिनं बोचक्यात बांधली. पोहोचल्यावर निरोप पाठवते म्हणून जावेला सांगितलं. मग अंगण ओलांडून जीपपाशी गेली. अमृत घाईनं उतरला, तिच्या पायाशी वाकायला लागला, तर तिनं बोचकं त्याच्या हातात दिलं.

"धर हे," ती म्हणाली. "आन नीट बस. जाताना ओतूरला भाजी घ्यायची हाय, घरात काय नसंल."